समता आधी की गुणवत्ता? एका जुन्या सीआरसीचं उत्तर

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंची मुलगी बडोद्यातच बी.एड. करते आहे. तिनं विचारलंय: "मावशी, आमच्या वर्गात जोरात वाद झाला. निम्म्या जणी म्हणाल्या, सरकारी शाळांत आधी सगळ्यांना सारखी संधी मिळू दे, दर्जाचं नंतर बघू. निम्म्या म्हणाल्या, दर्जाच नसेल तर ती संधी काय चाटायची? देशभराची शाळा सुधारायची तर सुरुवात कुठून करायची? आणि ५० शाळांत जमलेलं काम लाखो शाळांत का जमत नाही?"

बेटा, तुझा प्रश्न वाचला आणि मला एक बोट आठवलं.

मी तेव्हा सीआरसी होते, म्हणजे शाळांच्या एका समूहाची समन्वयक. माझ्याकडे १४ शाळा. आजवा रोडच्या बाजूला एका नगर प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात मागे जाऊन बसले होते. गुजराती माध्यम, पटावर ४७ मुलं, आणि बेन, म्हणजे वर्गाच्या बाई, मनापासून शिकवत होत्या. मधल्या सुट्टीआधी मी एका मुलीला जवळ बोलावलं. तिचे आईवडील छोटा उदेपूरकडचे, बांधकामावर मजुरी करणारे. तिनं पुस्तक उघडलं आणि धडा खणखणीत वाचायला लागली. आवाज स्वच्छ, स्वल्पविरामालासुद्धा थांबत होती. फक्त तिचं बोट एक ओळ मागे चालत होतं.

मी ओळीवर पोस्टकार्ड ठेवलं, एकच शब्द उघडा ठेवला आणि विचारलं, हे काय लिहिलंय? तिनं माझ्याकडे पाहिलं, पोस्टकार्डाकडे पाहिलं आणि धडा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. त्या शब्दापर्यंत पोचायचा तिच्याकडे तेवढा एकच रस्ता होता. मग मी पाटीवर 'घर' लिहिलं, ती म्हणाली 'धर'. गुजरातीत घ आणि ध फार जवळचे दिसतात, ते सोड. पण पुढचा 'र' तरी तिनं ओळखला असेल असं मला वाटलं. र पण तिनं अंदाजानं म्हटला होता. तिला नक्की येत होतं ते एकच अक्षर, म, कारण ते तिच्या नावात होतं.

आता हजेरीपत्रक बघ. तिची उपस्थिती चांगली. गणवेश मिळालेला, पुस्तकं फुकट मिळालेली, दुपारचं जेवण रोज. म्हणजे समतेच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. वर्गाची सरासरीही बरी होती, त्यामुळे गुणवत्तेच्या रकान्यातही काही वावगं नव्हतं. दोन्ही रकाने भरलेले आणि चौथीतली मुलगी निरक्षर. ती दंगा करत नव्हती, रडत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. बेनचंही नाही आणि माझंही नाही. मी त्या शाळेत वर्षभर जात होते.

म्हणून तुमच्या वादात मला दोन्ही बाजू पटत नाहीत. समता आणि गुणवत्ता या दोन वस्तू आहेत आणि त्यांतली एक आधी घ्यायची आहे, असं धरून चाललं की ती मुलगी दोन्हींच्या मधून निसटते. वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलाला काय येतं, हा एकच प्रश्न विचारला तर त्याच्या उत्तरात दोन्ही गोष्टी येतात. आणि माझं म्हणणं असं की देशभराची व्यवस्था या एका प्रश्नाभोवती बांधता येते. पैसा, शिक्षकांच्या बदल्या, प्रशिक्षण, तपासणी, सगळं.

हे नुसतं भावनेनं म्हणत नाही. आपल्या बडोद्यातच याची परीक्षा झालेली आहे आणि ती जगभर वाचली गेली. २००१ च्या सुमारास 'प्रथम' या संस्थेनं इथल्या नगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचं काम केलं. वस्तीतल्याच मुली, शाळा संपवलेल्या, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. पगार महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं त्या रोज दोन तास वेगळी बसवत आणि जिथे ती अडली होती तिथून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही वर्ग निवडून आणि बाकीच्या वर्गांशी तुलना करून, मोजमाप केलं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा पेपरांत बडोद्याचं नाव आलं होतं, तुला आठवत असेल.

त्या अभ्यासातल्या तीन गोष्टी मी प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगते. पहिली, बालसखीकडे जी मुलं गेली ती पुढे सरकली, आणि सगळ्यात जास्त ती, जी सगळ्यात मागे होती. दुसरी गोष्ट लोक विसरतात. ती १५-२० मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली, तरी तिथे बसलेल्या मुलांचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. वर्ग लहान झाला पण शिकवणं तेच राहिलं, पाठ्यक्रमाच्या वेगानं. तिसरी, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला, थोडाच उरला. म्हणजे मागच्या मुलाला हात देणं ही एकदा करून संपणारी मोहीम नव्हे, ते वेळापत्रकात रोज लागतं.

त्याच अभ्यासात संगणकांचंही होतं. गुजरात सरकारनं इथल्या १०० शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. फार थोड्या शाळांत ते वापरात होते. मग चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. खेळ मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपा-अवघड होत जाई. गणितात चांगलीच सुधारणा दिसली. संगणक आधीही होते, मुलंही तीच होती. आज शाळाशाळांत स्मार्ट बोर्ड आले आहेत, त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं की मी एवढंच विचारते, तो बोर्ड मागे पडलेल्या मुलासाठी मागे जातो का?

आता तुझा दुसरा प्रश्न, ५० शाळा आणि लाखो शाळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी ११ वर्षं याच जागी गेली.

बालसखीनंतर तोच विचार सरकारी शिक्षकांकडून करून घेण्याचे प्रयत्न बिहार, उत्तराखंड, हरियाणा अशा राज्यांत झाले. नुसतं साहित्य वाटलं तिथे काही झालं नाही. नुसतं प्रशिक्षण दिलं तिथेही फारसं काही नाही. बिहारमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरात हीच पद्धत वापरली तर मुलं शिकली, आणि शाळा सुरू झाल्यावर मात्र फरक पडला नाही. शिक्षक तेच, मुलंही तीच. उन्हाळ्यात पाठ्यक्रम पुरा करायचा नव्हता एवढाच फरक. मग २०१२-१३ मध्ये हरियाणात दोन गोष्टी बदलल्या. दिवसात एक तास फक्त याच कामासाठी ठेवला, आणि त्या तासात मुलांना इयत्तेप्रमाणे नाही, तर त्यांना काय येतं त्याप्रमाणे बसवलं. आणि शिक्षकांना मदत करणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः काही आठवडे मुलांना शिकवलं, मगच ते इतरांना सांगायला गेले. तिथे भाषेत फरक पडला.

हे वाचलं तेव्हा मी हसले नाही, मला रडू आलं. कारण मी सीआरसी झाले त्या दिवसापासून मला कुणी वर्गात शिकवायला सांगितलंच नव्हतं.

सीआरसीचं पद कागदावर काय आहे सांगते. १९९४ च्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली आणि सर्व शिक्षा अभियानात देशभर पसरली. एका समन्वयकाकडे जास्तीत जास्त १८ शाळा. त्यानं शाळेत जायचं, वर्ग पाहायचे, शिक्षकाबरोबर बसायचं, महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बोलवून अडचणी सोडवायच्या. सबंध व्यवस्थेत हा एकच माणूस असा आहे जो गांधीनगरचं परिपत्रक आणि चौथीतलं मूल दोन्ही एकाच दिवशी पाहतो.

प्रत्यक्षात काय व्हायचं? सकाळी साडेनऊला फोन: अमुक माहिती बारापर्यंत पाठवा. किती मुलांचं आधार जोडलं, किती शिष्यवृत्तीचे अर्ज राहिले, शौचालयाचे फोटो, कालच्या कार्यक्रमाचे फोटो. १४ शाळांना १४ फोन. कुणाचं नेट नाही, कुणाचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, मीटिंगला गेलेले. दुपारी तीच माहिती वेगळ्या तक्त्यात, कारण दुसऱ्या शाखेचा तक्ता वेगळा. माझ्या झोळीत पोस्टकार्ड होतं, पण ते काढायला आठवड्यातून एखादा दिवस मिळे. त्या मुलीच्या वर्गात मी वर्षभरात सहा वेळा गेले होते. पाच वेळा आकडे घ्यायला.

५० शाळांत एखादी संस्था काम करते तेव्हा दर आठवड्याला एक असा माणूस येतो ज्याला स्वतःला शिकवता येतं आणि ज्याच्याकडे दुसरं काम नसतं. लाखो शाळांत जाताना पुस्तिका जाते, परिपत्रक जातं, व्हिडिओ जातो. तो माणूस जात नाही. विस्तार फसतो तो इथे. आपल्याकडे १० लाखांवर सरकारी शाळा आहेत, त्यांच्यासाठी नवा माणूस नेमायचा नाहीये, पद आहेच. त्याच्या हातातला तक्ता काढून घ्यायचा आहे. केनियाने २०१५ पासून 'टुसोमे' नावाचा वाचनाचा कार्यक्रम देशभर नेला, तेव्हा तिथल्या सरकारी मार्गदर्शकांचा प्रवासखर्च त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या वर्गांशी जोडला. पेट्रोलचे पैसे वर्ग पाहिल्याचे. साधी गोष्ट आहे, पण त्यातून कळतं की व्यवस्थेला त्या माणसाकडून नेमकं काय हवंय.

मला उद्या कुणी एक आदेश काढू दिला तर मी हा काढीन: प्रत्येक सीआरसीनं आठवड्यातले दोन दिवस एका शाळेत स्वतः पहिली किंवा दुसरी शिकवायची, आणि त्या दोन दिवसांत कोणत्याही शाखेनं त्याला माहिती मागायची नाही.

आता थोडं मोजण्याबद्दल. २०२१ मध्ये 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं अभियान आलं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय. मला हे ध्येय मनापासून आवडतं, कारण त्यात 'प्रत्येक' हा शब्द आहे. 'असर' या खेड्यांत घरोघरी जाऊन होणाऱ्या पाहणीत खेड्यांतल्या सरकारी शाळांच्या तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. दोन वर्षांत ७ टक्क्यांची वाढ ही खरी कमाई आहे, त्यामागे शिक्षिकांचे कष्ट आहेत. पण त्याचाच अर्थ असाही की चारातली तीन मुलं अजून तिथे पोचलेली नाहीत.

अशी पाहणी व्यवस्थेला आरसा दाखवायला हवी. शाळेला श्रेणी देण्यासाठी, शिक्षिकेला नोटीस देण्यासाठी तोच आकडा वापरला की आरसा धुरकट होतो. मूल्यमापनाच्या दिवशी कच्च्या मुलांना "उद्या नाही आलास तरी चालेल" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. सांगणारी शिक्षिका वाईट नव्हती. आपल्या शाळेची श्रेणी घसरली तर आचार्यांना ऐकून घ्यावं लागेल, ही भीती. म्हणजे ज्या मुलासाठी मोजमाप आणलं तेच मूल मोजमापाच्या दिवशी घरी. म्हणून माझा आग्रह आहे की वर्गातली तपासणी शिक्षिकेची स्वतःची असावी, पोस्टकार्ड, पाटी आणि १० मिनिटं, आणि ती वर कुठेही पाठवायची नाही. राज्याला हवा असलेला आकडा बाहेरच्या माणसांनी थोड्या शाळांचा नमुना घेऊन काढावा. दोन्ही कामं एकाच कागदावर करायला गेलो की दोन्ही बिघडतात.

शिक्षकांच्या नेमणुकीबद्दल फार लांबवत नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. देशाची सरासरी त्याहून चांगली आहे. आणि तरीही २०२४-२५ च्या सरकारी आकड्यांत एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. त्यातल्या बऱ्याच डोंगराळ, आदिवासी भागातल्या असणार हे सांगायला आकडा लागत नाही, छोटा उदेपूरच्या कवांट-नसवाडीकडे एक चक्कर मारून ये. शहरालगतच्या शाळेत बदली मिळवायला माणूस वर्षानुवर्षं धडपडतो, आणि मी त्याला दोष देत नाही. लांबच्या शाळेत राहायला खोली, मुलांच्या शिक्षणाची सोय आणि ठरलेल्या वर्षांनंतर परतीची हमी दिली तर माणसं जातात. शहरातही एक बदल बिनपैशाचा आहे: शाळेतली सगळ्यात अनुभवी बाई पहिलीला द्यायची. आपल्याकडे ती आठवीला जाते आणि पहिली नव्या, फिक्स पगारावरच्या मुलीला मिळते.

पैशाचं मात्र नीट समजून घे. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच ६ टक्के आहेत. म्हणजे ५४ वर्षांनी तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. पण पैसा किती याइतकंच तो कसा वाटला जातो हे महत्त्वाचं. 'समग्र शिक्षा' या केंद्राच्या योजनेतून शाळेला वार्षिक अनुदान मिळतं ते पटावर: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, १००० च्या वर एक लाख. या हिशेबाला मुलं किती ते दिसतं, मुलं कोणती ते दिसत नाही. आईवडील दोघंही पदवीधर असलेली ९० मुलं आणि घरात पुस्तकच नसलेली ९० मुलं, दोन्ही शाळांना २५ हजार. ब्राझीलने १९९० च्या दशकाअखेर आणि पुढे २००७ पासून अशी तरतूद केली की प्रत्येक राज्यातल्या करांचा ठरावीक भाग एका निधीत जातो, मुलांच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, आणि जिथे दर मुलामागे कमी पडतात तिथे केंद्र भर घालतं. गरीब गावची शाळा गरीबच राहू नये म्हणून. आपल्याकडे एवढं जरी झालं की ज्या शाळेत स्थलांतरितांची, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतली मुलं जास्त आहेत त्या शाळेला दर मुलामागे दीडपट रक्कम, तर माझ्या त्या शाळेत दोन बालसखी उभ्या राहिल्या असत्या.

भाषेचा मुद्दा तुमच्या वादात कुणी काढला नसेल, तो मी काढते. ती मुलगी घरी राठवी बोलायची. पहिल्या दिवसापासून शाळेत गुजराती, पुस्तकातली गुजराती. तुला-मला हे कळायला हवं, कारण आपण बडोद्याची मराठी माणसं घरी एक, रस्त्यावर दुसरी भाषा बोलत वाढलो. पण आपल्या घरात दोन्ही भाषांची पुस्तकं होती, वर्तमानपत्र होतं, आणि माझ्या वेळेला नगरपालिकेच्या मराठी शाळेत वर्ग भरलेले होते. मी नोकरीला लागले तीही मराठी शाळेतच. पुढे पट घटला, वर्ग एकत्र झाले आणि मी गुजराती माध्यमात गेले. तेव्हा पहिल्या महिन्यात माझीच जीभ अडखळायची, आणि मुलं मला शब्द पुरवायची. त्या मुलीला असे शब्द पुरवणारं कुणी नव्हतं. कायद्यात जमेल तितकं मातृभाषेतून शिकवावं असं आहे. प्रत्येक बोलीत पाठ्यपुस्तक निघणार नाही, पण पहिलीच्या वर्गात पहिले सहा महिने मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यायला पुस्तक लागत नाही. वस्तीतली एक मोठी मुलगी मदतीला बसली तरी पुरतं. बालसखींचं अर्ध यश मला त्यातच दिसतं, त्या मुलांच्या गल्लीत राहत होत्या.

बडोद्याला या सगळ्यात एक वेगळी जबाबदारी आहे असं मला वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात १० गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, मुलींनाही, आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानात लागू केलं. मधली १३ वर्षं लक्षात घे. ज्यांच्या हातात सगळी सत्ता होती त्यांनीही १० गावांत करून पाहिलं, शिक्षक तयार केले, मग हात लांब केला. गोखल्यांनी १९११ मध्ये देशासाठी असा कायदा मांडला, तो फेटाळला गेला, आणि तो हक्क प्रत्यक्षात यायला २०१० उजाडलं. पण त्या सक्तीत दंडही होता. मूल शाळेत नाही आलं तर बापाला दंड, आणि मूल शेतावर लागतंय असं घर नेहमी गरिबाचंच. संस्थानात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. आणि ज्या संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला शिकून आले, त्याच संस्थानच्या राजधानीत १९१७ मध्ये त्यांना राहायला घर मिळालं नाही. सयाजीबागेजवळून जाताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. कायदा शाळेचं दार उघडतो. वर्गात कुणाला कुठे बसवायचं, कुणाचं नाव प्रेमानं घ्यायचं, ते त्या खोलीत उभी असलेली बाई ठरवते.

महाराजांनी आणखी एक केलं. शिकलेलं माणूस पुन्हा विसरू नये म्हणून १९१० नंतर गावोगाव वाचनालयं काढली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरवल्या. माझ्या १४ शाळांपैकी ९ शाळांत गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूप लावून होती. फाटली तर जबाबदारी कोणाची, म्हणून. मी आचार्यांना लिहून दिलं की फाटलेल्या पुस्तकांची जबाबदारी माझी. दोन शाळांनी कुलूप काढलं. वर्षअखेर त्या दोन शाळांत मिळून ३१ पुस्तकं फाटली होती आणि ती बघून मला जो आनंद झाला तो कुठल्याच प्रमाणपत्रानं झाला नाही.

पालकांबद्दल एकच सांगते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या बायका असाव्यात, असं कायदा म्हणतो. सह्या होतात. पण ज्या दिवशी मी समितीच्या बैठकीत आकडे न वाचता मुलांना पालकांसमोर बसवलं आणि एकेक शब्द वाचायला दिला, त्या दिवशी बायका पहिल्यांदा बोलल्या. एकजण म्हणाली, "बेन, मला वाचता येत नाही, पण माझा मुलगा थांबला ते मला कळलं." त्यानंतर ती दर महिन्याला यायची आणि मुलाला थांबलेलं मोजायची.

त्या मुलीचं काय झालं ते तू विचारशील. बेननी आणि मी तिला आणखी ११ मुलांबरोबर रोज शेवटचा तास दुसरीच्या पातळीवर बसवलं. उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, तिला काना-मात्रेचे शब्द वाचता यायला लागले. होळीला कुटुंब गावी गेलं आणि परत आलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या साइटवर, दुसऱ्या शाळेच्या हद्दीत. स्थलांतराचं कार्ड होतं, त्यावर तिचं नाव, इयत्ता, जन्मतारीख सगळं होतं. तिला काय वाचता येतं हे लिहायला त्यावर जागा नव्हती. मी मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहून दिलं होतं: 'काना-मात्रा येतं, जोडाक्षर नाही, घ-ध मध्ये गोंधळते, गोष्ट सांगायला आवडते.' नव्या शाळेच्या बेननी मला फोन केला, तो त्या चार ओळी वाचून. कार्ड तयार करणाऱ्या शाखेला ती जागा छापून घ्या म्हणून मी तीन वेळा लिहिलं.

तुझा सराव पाठ पुढच्या महिन्यात आहे म्हणालीस. पाठ टाचण काढायच्या आधी दोन दिवस वर्गात नुसती बस. हजेरीपत्रकातली १० मुलं निवड, हात वर करणारी सोडून. एकेकाला जवळ घे, बोटाकडे बघ, आणि चुकलं तरी मध्ये दुरुस्त करू नकोस. पोस्टकार्ड मिळालं नाही तर तिकिटाची उलटी बाजूही चालते.